बंद डिकी आणि ‘इप्फाथा’

वाचकहो, मोटारीच्या डिकीचा आणि धर्मविद्येचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. तरीही काही क्षण एका जर्मन मोटारीकडे पाहावे, अशी विनंती आहे. पोर्शे कंपनीची बॉक्सस्टर ही दोन आसनांची, उघडणाऱ्या छताची स्पोर्ट्स कार १९९६ साली बाजारात आली. तिचे इंजिन आसनांच्या मागे असते. म्हणून तिला डिक्या दोन, एक मागे व एक पुढे. २००५ च्या सुमारास आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत या डिक्यांची कुलपे विजेवर चालतात. आत बसून बटण दाबले की झाकण सुटते.

आज या गाड्या वीस वर्षांच्या झाल्या आहेत. अशी जुनी गाडी हौसेची असते, रोजच्या कामाची नव्हे. ती आठवडेच्या आठवडे एका जागी उभी राहते. उभी असली तरी तिचे घड्याळ, चोरघंटा आणि किल्लीचा संदेश टिपणारे यंत्र बॅटरीतून थेंबथेंब वीज पीत असतात. एक दिवस बॅटरी पार उतरते. मग बटण कितीही दाबा, पुढचे झाकण हलत नाही. आणि बॅटरी कोठे असते? नेमकी त्याच बंद झाकणाखाली.

झाकण उघडावयास वीज हवी, आणि वीज भरावयास झाकण उघडावयास हवे. मनुष्याच्या अंतःकरणाविषयी जो वाद मंडळीत सोळाशे वर्षे चालला आहे, तो याहून थोडक्यात मांडलेला मला कोठे आढळला नाही.

सगळ्याच अडकलेल्या डिक्या अशा नसतात, हे येथे सांगितले पाहिजे. पुष्कळदा वीज असते, पण खिट्टी कोरडी पडून किंवा गंजून अडकलेली असते. तेथे जाणता कारागीर झाकण वर ओढीत नाही. उलट तळहाताने ते खाली दाबून धरतो आणि दुसऱ्याला बटण दाबावयास सांगतो. खिट्टीवरचा ताण सैल होतो आणि झाकण सुटते. हा उपाय बॅटरी उतरलेल्या गाडीवर केला तर मात्र काहीच होणार नाही. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच बंद दिसतात. अधीर माणूस तर दोन्हींना एकच औषध देतो: फटीत पेचकस घालून झाकण उचकटतो. पत्रा एकदा वाकला की ते झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू या. एखादा तरुण उपासनेस येईनासा होतो. एखादा गृहस्थ नोकरी गेल्यापासून कोणाशी चार शब्द बोलत नाही. मूल गेलेली एखादी माता प्रार्थना करणेच सोडते. आपण त्यांच्या घरी जातो आणि काय सांगतो? विश्वास ठेवा, मन मोकळे करा, प्रार्थनेस लागा. उपदेश खोटा नाही. परंतु ज्याच्यामधली शक्तीच ओसरली आहे त्याला हे सांगणे म्हणजे मेलेल्या बॅटरीचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे होय. आणि प्रतिसाद आला नाही की आपण त्याला हट्टी ठरवून परततो. माझ्या मते ही केवळ अकुशलता नव्हे, तो अन्याय आहे. ज्याला करता येत नाही त्याला आज्ञा करणे, मदत न देता आज्ञा करणे आणि आज्ञा मोडल्याचा दोषही त्याच्याच माथी ठेवणे, असा तिहेरी अन्याय त्यात आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसला हे पटले नसते. आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात आहेच, असे त्याचे मत होते. ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाबां’त, देवा, जे तू फर्मावतोस ते आधी तूच दे, अशा आशयाची प्रार्थना केली आहे, ती ऐकून पेलाजियस अस्वस्थ झाला. पुढे मंडळीने पेलाजियसची शिकवण नाकारली. असे असूनही बंद माणसाच्या दारात उभे राहिलो की आपण बहुतेक सगळे पेलाजियसचेच शिष्य असतो!

होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराने १८५० च्या दशकाच्या आरंभी काढलेले, हाती कंदील घेऊन दार ठोठावणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यात असेल. त्या दाराला बाहेरून मूठ नाही. ते आतूनच उघडावयाचे आहे. चित्र सुंदर आहे, आणि ख्रिस्त बळजबरी करीत नाही हे त्यातून उत्तम रीतीने कळते. पण मला ते पाहताना नेहमी आतल्या माणसाची काळजी वाटते. तो अंथरुणाला खिळलेला असेल तर?

बॉक्सस्टरच्या रचनाकारांनी ही अडचण आधीच ओळखली होती. चालकाचा दरवाजा साध्या किल्लीने उघडतो. पायांपाशी, बाजूच्या भिंतीत फ्यूजची पेटी असते आणि त्या पेटीत बाहेर ओढता येणारे धातूचे एक लहानसे टोक असते. दुसऱ्या बॅटरीची धन तार त्या टोकाला जोडावयाची, ऋण तार दरवाजाजवळच्या उघड्या धातूला लावावयाची, आणि मग किल्लीवरचे बटण दाबावयाचे. झाकण सुटते. ही जोडणी इंजिन सुरू करण्यासाठी नसते. ती झाकण उघडण्यापुरतीच. खरी बॅटरी नंतर, झाकणाखाली हात पोहोचल्यावर, सावकाश भरावयाची. तारा उलट जोडल्या तर मात्र गाडीतील नाजूक यंत्रणा जळू शकते.

या लहानशा टोकावरूनच १९३४ साली दोन थोर धर्मपंडितांची मैत्री दुरावली, असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. एमिल ब्रूनरने ‘निसर्ग आणि कृपा’ या पुस्तिकेत असे मांडले की, पापाने पतित झालेल्या मनुष्यातही देवाच्या कृपेला जोडून घेता येईल असा एक संपर्कबिंदू शिल्लक असतो. कार्ल बार्थने त्याच वर्षी उत्तर दिले. त्या उत्तराचे शीर्षकच ‘नाही!’ असे होते. ते वर्ष विसरून चालणार नाही. जर्मनीत त्या वेळी रक्त आणि वंश यांतच देवाची वाणी ऐकू येते असे सांगणारे ख्रिस्ती पुढारी उदयाला आले होते, आणि त्याच मे महिन्यात बार्मेन येथील जाहीरनाम्याने त्यांना विरोध केला होता. माणसात काहीएक शिल्लक आहे असे मान्य केले की त्या वाटेने काय काय आत शिरेल, याची बार्थला धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती.

मला विचाराल तर त्या टोकात स्वतःची वीज थेंबभरही नाही, एवढे बार्थचे खरे. परंतु टोक आहे, आणि ते निर्मात्याने ठेवले आहे, एवढे ब्रूनरचे खरे. व्याख्यानपीठावर उभे राहताना मी बार्थला स्मरावे आणि एखाद्याच्या खाटेशी बसताना ब्रूनरला, असे मला वाटते. तर्कशास्त्राला हे मान्य होणार नाही, न होवो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श करतो, वर पाहतो आणि उसासा टाकतो. शब्द सर्वांत शेवटी येतो. असे का? बहिऱ्याला शब्द ऐकू येणार नव्हता. स्पर्श कळणार होता, वर गेलेली दृष्टी दिसणार होती. जी इंद्रिये अजून जागी होती त्यांच्याशीच येशू आधी बोलला. मग त्याने उच्चारलेला अरामी शब्द मार्काने तसाच राखला: ‘इप्फाथा’. आपण मराठीत त्याचा अर्थ ‘मोकळा हो’ असा देतो. भाषांतर चांगले आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. मार्काने दिलेले ग्रीक क्रियापद कर्मणी आहे. ‘उघड’ असे ते सांगत नाही. ‘उघडला जा’ असे सांगते. ज्याला करता येत नाही त्यालाच ही आज्ञा आहे, आणि करणारा दुसरा आहे. हेच क्रियापद लूक वापरतो: फिलिप्पै येथे जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले तेव्हा, आणि अम्माऊसच्या त्या दोघा शिष्यांचे डोळे उघडले तेव्हाही.

कोणत्या माणसात ते टोक कोठे असेल, हे बाहेरून सांगता येत नाही. कोणाला ते जुन्या गीताच्या चालीत सापडते, कोणाला हातात दिलेल्या चहाच्या पेल्यात. दिल्ली, बंगळूर किंवा कोलकाता येथे मुलाकडे राहावयास गेलेल्या आणि इंग्रजी उपासनेत मुकाट बसणाऱ्या वृद्धाला ते शेजाऱ्याने मराठीत केलेल्या एखाद्या चौकशीत सापडू शकते. आम्ही भाषांतरकार एकेका शब्दासाठी दिवस दिवस घालवितो, त्याचे कारण थोडेसे हेही आहे.

आणखी एक बारकावा. कुलूपबंद असताना उतरलेल्या गाडीला अशी वीज जोडली की पुष्कळदा तिचा भोंगा मोठ्याने वाजू लागतो. गाडीला मदतनीस आणि चोर यांतला भेद कळत नाही. फार दिवस बंद राहिलेली माणसेही प्रथम अशीच ओरडतात. भोंगा वाजला म्हणून कित्येक जण तारा काढून निघून जातात, आणि पुढल्या रविवारी त्याविषयी इतरांना सांगतात.

काही बॅटऱ्या फार काळ उतरलेल्या राहिल्या तर त्यांच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर चढतो, आणि मग त्या वीज धरीत नाहीत. माणसांच्या बाबतीत असे कधी म्हणावे काय? मी म्हणणार नाही; पण वर्षानुवर्षे खाटेशी बसूनही ज्यांना काही हाती लागले नाही, त्यांना मी आशेचे धडेही देणार नाही. मार्काने त्या बहिऱ्या माणसाचे नाव दिलेले नाही, त्याने प्रथम कोणते वाक्य उच्चारले तेही सांगितलेले नाही. त्याची स्वतःची येण्याची इच्छा होती किंवा नाही, हेही आपल्याला ठाऊक नाही. ‘त्यांनी त्याला आणले’, एवढेच तेथे आहे. ते कोण होते, याचाही पत्ता नाही.