नकार आणि लोभ

काही दिवसांपूर्वी रेल्वे स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याने आम्हांस आमच्या वस्तीपर्यंत नेण्यास नकार दिला. तिकडून परतीचे भाडे मिळत नाही, एवढेच त्याने सांगितले. आम्ही त्यास लोभी म्हटले आणि दुसरी रिक्षा पाहिली. घरी आल्यावर मात्र त्या शब्दाची रुखरुख लागून राहिली. हाती आलेले काम नाकारून अधिक मोबदल्याच्या कामाची वाट पाहणे, हा लोभ होय काय? या प्रश्नाचा विचार करताना वाचनात आलेल्या एका परदेशी व्यवसायाचे उदाहरण आम्हांस फार उपयोगी पडले. कारण त्या व्यवसायात हाच प्रश्न माणसापुढे रोज उभा राहतो.

अमेरिकेत तातडीचा माल पोचविणाऱ्या मालमोटारींचा एक स्वतंत्र धंदा आहे. त्यास तिकडे ‘एक्स्पेडाइट’ म्हणतात. मिशिगन, ओहायो, इंडियाना या राज्यांत मोटारींचे कारखाने पुष्कळ. सुटे भाग साठवून न ठेवता लागतील तेव्हाच मागवावेत, ही जपानी कारखान्यांची पद्धत तेथील कारखानदारांनी १९८० नंतरच्या दशकात उचलली. त्यामुळे एखादी पेटी वेळेवर न आल्यास कारखान्याचे काम अडू लागले. त्याच सुमारास, १ जुलै १९८० रोजी, अध्यक्ष कार्टर यांनी मालवाहतुकीवरील निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि नव्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. ओहायोतील रॉबर्ट्स एक्स्प्रेस ही कंपनी या धंद्यात नावारूपास आली. तीच पुढे २००० सालापासून फेडेक्स कस्टम क्रिटिकल या नावाने चालू लागली. मोटारींचे भाग, विमानांचे भाग, रुग्णालयांची यंत्रे असा माल, कित्येकदा एकच पेटी असली तरी, स्वतंत्र गाडीतून थेट नेला जातो.

या गाड्यांचे चालक पुष्कळदा स्वतःच मालक असतात. गाडीचा हप्ता, डिझेल, दुरुस्ती यांचा बराचसा भार त्यांच्यावर. गाडी मात्र करारपत्राने एखाद्या कंपनीकडे लावलेली. मोबदला कोठे मैलागणिक, तर कोठे भाड्याच्या टक्केवारीने. कित्येक गाड्यांवर पतिपत्नी जोडीने असतात. एकाने चालवावी, दुसऱ्याने मागच्या बिछान्यावर विश्रांती घ्यावी. माल उतरला की पुढील भाड्याची प्रतीक्षा सुरू होते. ती कधी तासांची, कधी दिवसांची. मग फोनवर निरोप येतो: कोठून कोठे जावयाचे, किती मैल, किती पैसे. उत्तर थोडक्या वेळात द्यावे लागते. काही कंपन्यांत नाकारलेल्या भाड्यांची मोजदाद ठेवली जाते, तर काहींत चालकाने यादीतून स्वतःच भाडे निवडावयाचे असते. साहजिकच एकाच थांब्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे चालक भेटले की कोणाची कंपनी अधिक देते, हीच चर्चा चालते.

‘हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये’ असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. हे बोल खोटे नाहीत. परंतु हातचे म्हणजे नेमके किती, हे आधी मोजावयास नको काय? एक कल्पित हिशेब मांडू. एका चालकास पाचशे मैलांचे भाडे मैलास दीड डॉलर दराने आले. माल उचलण्यास चाळीस मैल रिकामे जावयाचे. मिळकत ७५० डॉलर. गाडीचा खर्च मैलास ७० सेंट धरल्यास ५४० मैलांचे ३७८ डॉलर गेले आणि ३७२ उरले. दिवसाची कमाई बरी दिसते. आता समजा की माल उतरला त्या गावी दुसरे भाडेच मिळत नाही आणि चारशे मैल रिकामे परतावे लागते. आणखी २८० डॉलर गेले. दोन दिवसांच्या श्रमापोटी हाती उरले ९२. ज्यास आपण हातचे म्हटले, ते असे वाटेतच गळून जाते.

परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. दुसरा चालक दोन दिवस थांबला व त्यास सहाशे मैलांचे भाडे अडीच डॉलरने मिळाले. मिळकत १५०० डॉलर. उचलण्यास दोनशे मैल रिकामे गेला असेल, तर आठशे मैलांचा खर्च ५६० वजा जाता ९४० उरतात. थांबण्याचे दोन व चालविण्याचे दोन असे चार दिवस धरले की रोजचे २३५ होतात. पहिल्या चालकास उतरल्या ठिकाणीच नवे भाडे मिळाले असते, तर रोजची कमाई त्याचीच अधिक भरली असती. तात्पर्य, चढ्या दरावर डोळा ठेवून बसणे हे शहाणपण नव्हे, आणि आले ते मुकाट्याने घेणे हेही नव्हे.

मग लोभ कशास म्हणावे? आमच्या मते, ज्याने आपल्या खर्चाचा, घरच्या गरजेचा व परतीच्या वाटेचा विचार करून आपली मर्यादा आधीच ठरविली आहे, त्याच्या नकारास लोभ म्हणता येत नाही. ज्याची मर्यादा शेजाऱ्याची कमाई ऐकून रोज वर सरकते, तो लोभी. २०२१ साली अमेरिकेत मालवाहतुकीचे दर फार चढले होते. २०२२ पासून ते उतरले. चढत्या वर्षाचा दर हाच आपला हक्क मानून जो बसून राहील, तो न्यायासाठी थांबलेला नसून आठवणीसाठी थांबलेला आहे. कंपनी बदलण्याचेही तसेच. करार पाळला जात नसेल तर खुशाल बदलावी. परंतु शेजाऱ्यास एकदा मोठे भाडे मिळाले एवढ्यावरून नवा करार, नवी कागदपत्रे व नव्या माणसांची ओळख यांत वेळ घालविणाऱ्याने शेजाऱ्याचे रिकामे दिवसही विचारून घ्यावेत.

नकाराचे स्वातंत्र्य शब्द देण्यापूर्वीचे असते, हेही विसरता कामा नये. एकदा होकार दिला, की मागाहून बरे भाडे आले म्हणून पहिले टाकून देणे हा वचनभंग होय. कारण त्या पेटीवर दूरच्या कारखान्यातील माणसांचे काम अवलंबून असते. तसेच पैशासाठी झोप विकणे हाही अधर्मच. दहा तासांच्या सलग विश्रांतीनंतर अकरा तासांहून अधिक काळ मालमोटार चालवू नये, असा तेथील नियम आहे. तो चालकाइतकाच रस्त्यावरील इतरांच्या जिवासाठी आहे.

परंतु सारा उपदेश चालकासच करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. गाडी सज्ज उभी आहे म्हणूनच तातडीचा माल तातडीने जातो. या सज्जतेचा लाभ कारखानदारास होतो, कंपनीस होतो. तिची किंमत मात्र रिकाम्या दिवसांच्या रूपाने बहुधा एकटा चालक भरतो. तेथील कायद्याने मोबदला करारपत्रात स्पष्ट लिहावा लागतो आणि टक्केवारीने पैसे देणाऱ्या कंपनीस चालकास भाड्याच्या बिलाची प्रत द्यावी लागते. हे योग्यच आहे. तथापि ज्याच्या प्रतीक्षेचे आपण काही देत नाही, त्याचा नकार दोष म्हणून मोजण्याचा अधिकार आपणांस कितपत पोचतो, याचा विचार कंपन्यांनीही करावयास हवा.

आणखी एक गोष्ट नम्रपणे मान्य केली पाहिजे. ज्याचा हप्ता उद्या भरावयाचा आहे, त्यास मर्यादा राखणे परवडत नाही. तो मिळेल ते भाडे घेतो. त्यास कोणी दुबळा म्हणू नये. गाठीस चार पैसे असतील तरच ‘नाही’ म्हणता येते. म्हणूनच बरे दिवस असताना थोडे बाजूस ठेवणे यास आम्ही केवळ काटकसर न म्हणता स्वातंत्र्याची शिदोरी म्हणू. भुकेल्यास संतोषाचा उपदेश करणे सोपे असते. परंतु तो उपदेश आधी आपल्या ताटाकडे पाहून करावा.

आता त्या रिक्षावाल्याकडे परत येऊ. आपल्याकडे परवान्याच्या रिक्षेस सबळ कारणावाचून भाडे नाकारण्याची मोकळीक कायदा देत नाही, आणि ते बरोबरच आहे. रात्री-अपरात्री अडलेल्या प्रवाशाने जावे कोठे? त्या माणसाची चूक झाली असेल. परंतु आम्ही त्यास दिलेले नाव चुकीचे होते. त्याने आपल्या परतीच्या वाटेचा हिशेब केला होता. आम्ही फक्त आमच्या जाण्याचा केला होता. सुज्ञ वाचकांनी पुढच्या वेळी कोणास लोभी म्हणण्यापूर्वी त्याचे रिकामे मैल एकदा मोजून पाहावेत, एवढीच विनंती.