खळ्यातली अळंबी

सिंधुदुर्गातलं नवं घर, त्याचा पहिला पावसाळा. चिरे अजून लालभडक आहेत आणि खळ्याची माती नीट दबलेली नाही. पावसाने जरा उघडीप दिलीय. पायरीवर बसा. फोन आत राहू दे.

नजर सावकाश मातीवर आणा. काल काही नव्हतं तिथे आज करड्या छत्र्या उभ्या आहेत. किती आहेत ते राहू दे, कुठे आहेत ते बघा. रांग वाकडी का गेली? इथे फणस होता, घरासाठी तोडला. खोड सुताराकडे गेलं, मुळं मातीतच राहिली. मूळ ज्या वाटेने गेलं होतं, त्याच वाटेवर ही रांग आहे.

छत्री म्हणजे बुरशीचं फळ. तिचा देह खाली, केसाहून बारीक तंतूंचा, कुजत्या मुळात पसरलेला. तंतू पाचक रस बाहेर सोडतात, लाकूड विरघळवतात आणि मग ते शोषून घेतात. आपण अन्न पोटात घेतो, हा जीव अन्नाच्या पोटात शिरून जेवतो. इथे थोडं थांबा. तुमच्या पायाखाली आत्ता हे जेवण चालू आहे.

आता एका छत्रीपाशी उकिडवे बसा. तोडू नका, मान वाकडी करून खालून बघा. पातळ पापुद्र्यांतून बीजाणू सुटत असतात, डोळ्यांना न दिसणारे. श्वास हळू सोडा. यातल्या काही जाती दुपारपर्यंत काळं पाणी होऊन गळून जातात, म्हणून घाईने दुसरीकडे वळू नका.

मग हद्दीकडे चला. वारुळाजवळ उगवते ती अळंबी निराळी, खाणाऱ्यांच्या जिवाभावाची. तिचा देठ मुळासारखा खोल वारुळापर्यंत जातो. तिथे वाळवी लाकूड खाऊन टाकलेल्या विष्ठेवर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. माणसाला ही अळंबी बाजारापुरती पिकवणं अजून साधलेलं नाही. वाळवीला कोट्यवधी वर्षांपूर्वीच साधलं!

पण तोंडाला पाणी सुटलं तरी आज नुसतं बघायचं. गवतात येणारी एक पांढरी, गुबगुबीत जात अगदी खाण्याजोगी दिसते. तिचे पापुद्रे पुढे हिरवट होतात, आणि खाणारा उलट्या-जुलाबांनी बेजार होतो. भाजीत चांदीचं नाणं टाकून विष ओळखतात म्हणे. त्या नाण्यावर बिलकूल विसंबू नका.

घराच्या पायात वाळवीचं औषध मारलंत ते बरंच केलंत, वासे वाचायला हवेत. कुंपणाचा गडगा मात्र अजून व्हायचाय. त्याची दोरी वारुळावरून जाते का, ते आत्ताच उठून बघा. जात असेल तर गवंड्याला सांगून चार हात अलीकडे घ्या.