शोकसभेच्या आधी

महाविद्यालयातील एखादा खेळाडू विद्यार्थी मारला जातो तेव्हा तेथे होणारा शोक हा नुसता औपचारिक नसतो. संघातील मुलामुलींनी एकमेकांचा दम, घाम, दुखणारा गुडघा, हरल्यानंतरचा चेहरा हे सारे जवळून पाहिलेले असते. वर्गातील एक बाक रिकामा राहिला तर तो काही दिवसांनी भरतो. मैदानावरची रिकामी जागा मात्र दर सकाळी सरावाच्या वेळी पुन्हा दिसते. म्हणून हा शोक खरा असतो, हे आधीच मान्य केले पाहिजे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. खरा असला म्हणून शोक पुरेसा असतो का? गेलेल्या माणसाचे आपण जे देणे लागतो ते अश्रूंनी फिटते का?

उर्दूत शोकसभेला 'ताजियती जलसा' म्हणतात. ताजियत म्हणजे दुःखितांना धीर देणे. म्हणजे हा जलसा मागे राहिलेल्यांसाठी असतो. मग जो गेला, त्याच्यासाठी आपण नेमके काय करतो? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका घटनेच्या आधारे करणे बरे.

लॉरेन मॅक्क्लस्की ही अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या अॅथलेटिक्स संघातील मुलगी. उंच उडी आणि अनेक क्रीडाप्रकारांची एकत्रित स्पर्धा हे तिचे खेळ. शिक्षणाचे शेवटचे वर्ष, वय एकवीस. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तिची एका माणसाशी ओळख झाली. त्याने आपले नाव खोटे सांगितले, वय खोटे सांगितले आणि लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाल्याची गोष्ट लपवून ठेवली. ९ ऑक्टोबरला लॉरेनला खरे काय ते कळले आणि तिने संबंध तोडले. त्यानंतर धमक्या सुरू झाल्या. छायाचित्रांच्या नावाने तिच्याकडून एक हजार डॉलर उकळण्यात आले. तिने विद्यापीठाच्या पोलिसांकडे पुन्हा पुन्हा तक्रार केली. शहराच्या पोलिसांनाही दूरध्वनी केला, तर तेथून तिला परत विद्यापीठाच्या पोलिसांकडेच पाठवण्यात आले. २२ ऑक्टोबरच्या रात्री वसतिगृहाकडे परतताना, आईशी फोनवर बोलत असतानाच तिला पळवून नेण्यात आले आणि जवळच तिची गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्याने त्याच रात्री आत्महत्या केली. त्याचे नाव मी लिहीत नाही. ते लक्षात ठेवण्याची काही गरज नाही.

त्यानंतर विद्यापीठ रडले. तिचा संघ रडला. पण त्याच काळात चौकशीतून जे बाहेर आले ते अश्रूंपेक्षा जड होते. तो माणूस पॅरोलवर सुटलेला होता. ही एक गोष्ट तपासली असती, तर त्याला परत तुरुंगात पाठवण्याचा मार्ग खुला होता. ती तपासली गेली नाही. लॉरेनच्या मैत्रिणींनी त्याच्याविषयीची काळजी वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांना आधीच सांगितली होती. पण कोणाच्या खाजगी आयुष्यात कसे पडावे, या संकोचात ती तेथेच राहिली.

मैदानावर या मुलीची उंच उडी सेंटिमीटरमध्ये मोजली जात होती. तिची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवली जात होती. तिच्या भीतीची नोंद मात्र कोणी नीट ठेवली नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. खून करणारा एक माणूस होता, मग दोष इतरांवर का टाकायचा? शिवाय घटना घडून गेल्यावर सगळ्यांनाच शहाणपण सुचते. पोलिसांकडे रोज कितीतरी तक्रारी येतात, त्यातली कोणती खुनापर्यंत जाईल हे आधी कोण सांगणार?

यातील पहिल्या भागाचे उत्तर असे, की दोष म्हणजे काही भाकरी नव्हे. भाकरी वाटली तर प्रत्येकाचा वाटा लहान होतो. दोषाचे तसे नाही. मारेकऱ्याचा दोष पूर्णच राहतो आणि ज्याने ऐकायचे होते त्याचा दोषही त्याच्या जागी पूर्ण राहतो. एकाचे नाव घेतल्याने दुसरा सुटत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर असे, की भविष्य ओळखावे अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. समोरची मुलगी जे सांगते आहे ते खरे असू शकते एवढे धरून पुढची एक पायरी चढावी, इतकीच अपेक्षा होती. भाकीत करणे माणसाच्या हाती नाही. विचारपूस करणे हाती आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांचा अहवाल आला, त्यात तीस शिफारशी होत्या. तरीही ही हत्या टाळता आली असती असे मानण्यास कारण नाही, अशी भूमिका विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी घेतली. लॉरेनचे आईवडील दोघेही प्राध्यापक. त्यांनी २०१९ मध्ये दावा लावला. २२ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे बरोबर दोन वर्षांनी, समझोता झाला. विद्यापीठाने १ कोटी ३५ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, त्यातील ३० लाख तिच्या नावाच्या प्रतिष्ठानाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही घटना टाळता येण्यासारखी होती हे विद्यापीठाने मान्य केले. शोक पहिल्या दिवशीच व्यक्त झाला होता. त्या एका वाक्याला दोन वर्षे लागली. शोक आणि जबाबदारी यांत किती अंतर असू शकते, ते येथे मोजता येते.

या आईवडिलांच्या पुढाकाराने 'लॉरेनचे वचन' नावाची एक गोष्ट सुरू झाली. कोणी तुम्हाला धमकावत असेल तर मी तुमचे ऐकेन आणि तुमच्यावर विश्वास ठेवेन, अशा अर्थाचे वाक्य शिक्षक आपल्या अभ्यासक्रमपत्रिकेत लिहितात. शिक्षिका म्हणून मला हे वचन वाटते तितके सोपे वाटत नाही. तक्रारीवर विश्वास ठेवायचा, तर मग ज्याच्यावर आरोप आहे त्याचे काय? मला वाटते, विश्वास ठेवणे म्हणजे निकाल देणे नव्हे. सांगणारीला दारातून परत न पाठवता चौकशीला सुरुवात करणे, एवढाच त्याचा अर्थ. निरपराध माणसाचे रक्षणही चौकशीनेच होते. दुर्लक्षाने कोणाचेच होत नाही.

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. पुण्यात बिबवेवाडी भागात ऑक्टोबर २०२१ मध्ये कबड्डीच्या सरावाला गेलेल्या आठवीतील मुलीची हत्या झाली. अशी बातमी आली की आपल्या कितीतरी घरांत पहिला विचार होतो तो मुलीचा सराव बंद करण्याचा, कधी शाळाच बंद करण्याचा. मुलींना हे ठाऊक असते. कोणी पाठलाग करतो असे घरी सांगितले तर पाठलाग करणारा मोकळा राहील आणि आपले मैदान जाईल, हा हिशेब तेरा-चौदा वर्षांची मुलगी मनात करते आणि गप्प बसते. शाळांत तक्रारपेटी असते. 'सखी सावित्री' समित्या स्थापन करण्याचा शासननिर्णयही २०२२ मध्ये झाला. पण सांगितल्याची शिक्षा सांगणारीलाच होणार असेल, तर पेटी रिकामीच राहणार. आणि रिकामी पेटी पाहून आपण समाधानाने म्हणणार, की आमच्या शाळेत काही तक्रार नाही.

आपल्या भाषेत 'ऐकणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'ती ऐकते' म्हणजे ती कानाने ऐकते, आणि ती सांगितल्याप्रमाणे वागते, असेही. मुलींना आपण दुसरे ऐकणे लहानपणापासून शिकवतो. पहिले ऐकणे मोठ्यांनी शिकायचे असते, ते मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. बी. एड.च्या वर्गात प्रश्न कसे विचारावेत याचे पाठ आम्हाला घ्यावे लागले. मूल आपणहून काही सांगू लागले तर हातातील वह्या बाजूला ठेवाव्यात, हे प्रत्येकाला स्वतःच शिकावे लागते.

ज्याने वेळेवर ऐकले त्याचा शोक आणि ज्याने ऐकले नाही त्याचा शोक बाहेरून सारखाच दिसतो. दोघांच्याही डोळ्यांत पाणी असते. फरक करायचा असेल तर तो शोकसभेनंतर करता येतो: पुढची मुलगी दाराशी येऊन उभी राहील तेव्हा तिला आत बसवले जाते की उद्या ये म्हणून सांगितले जाते, यावरून.