वाचलेला वेळ कुणाचा?

शिक्षकी पेशात उभी हयात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर पुष्कळ गोष्टी आठवतात. त्यांतील काही सुखावतात, तर काही रात्री झोप येऊ देत नाहीत. माझी अशी एक आठवण अपूर्णांकांच्या भागाकाराशी निगडित आहे.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत मी सहावीला गणित शिकवीत असे. वर्गात साठ मुले. त्यांत मागच्या बाकावर बसणारा एक अबोल मुलगा होता. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे’ हा नियम त्याला पाठ होता, पण उलटा का करायचा हे काही केल्या उमगत नव्हते. एके दिवशी त्याच्या वहीत सगळी उदाहरणे बरोबर आली. नक्कल केली असावी या संशयाने मी त्याला फळ्याजवळ बोलावले. त्याने उदाहरण सोडवलेच, शिवाय अर्ध्या भाकरीत पाव भाकरी किती वेळा बसते, असे विचारून नियमामागचे कारणही सांगितले. हे कुठे शिकलास, असे विचारता तो म्हणाला, “रात्री आईच्या मोबाईलवर. पाच-सहा वेळा पाहिले.” मी म्हणालो, “अरे, मला विचारायचे होतेस.” त्याने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, “सर, तो माणूस परत परत सांगतो. रागवत नाही.”

शिक्षणातील नव्या साधनांविषयी त्यानंतर मी बरेच वाचले, ऐकले. परंतु त्या एका वाक्याइतके मला कशानेच अंतर्मुख केले नाही.

नव्या साधनाविषयीची धास्ती तशी फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस इजिप्तमधील एक कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनकला शोधून काढतो आणि थॅमस राजापुढे मोठ्या अभिमानाने मांडतो. राजा मात्र म्हणतो, की या कलेने माणसांची स्मरणशक्ती क्षीण होईल आणि ज्ञान नसताना ज्ञानी असल्याचा भास तेवढा त्यांना होईल. सॉक्रेटिसचा आणखी एक आक्षेप असा, की लिहिलेल्या मजकुराला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच ते सांगतो. गंमत अशी, की हा आक्षेप आपल्यापर्यंत पोहोचला तो प्लेटोने लिहून ठेवला म्हणून! तेव्हा साधनाला सरसकट नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, राजाची शंका खोटी होती असेही म्हणवत नाही.

पुन्हा तेच ते सांगणे हा सॉक्रेटिसला दोष वाटला. माझ्या विद्यार्थ्याला नेमका तोच गुण वाटला. अमेरिकेतील शिक्षक सलमान खान यांचा अनुभवही असाच आहे. 2004 साली ते नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवू लागले. पुढे त्यांनी चित्रफिती तयार केल्या आणि त्यांतूनच ‘खान अकादमी’ उभी राहिली. प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षा चित्रफीत बरी, असे त्यांच्या भावंडांनीच त्यांना सांगितले, कारण ती हवी तेव्हा थांबवता येते, मागे नेता येते आणि पुन्हा विचारण्याची लाज वाटत नाही. यंत्राची ही थोरवी मानायची, की आम्हा शिक्षकांची उणीव? मला वाटते, दोन्ही.

मग शिक्षकाचे काम ते काय उरले? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील त्यांच्या क्यूआर कोडची सर्वत्र चर्चा झाली. त्या चौकोनी ठशावर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, पाठ पाहता येतो. परंतु त्यापूर्वीची एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पुस्तके मुलांना समजतील अशी केली. आपल्या मुलांना काय कळत नाही, हे कोणत्याही कोडने त्यांना सांगितले नव्हते. त्यासाठी मुलांजवळ बसावे लागले.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे, असे मला वाटते. साधन माणसाचा वेळ वाचवते. तो वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, हा खरा नैतिक प्रश्न आहे. हृदयाची आकृती फळ्यावर काढण्यात माझी पंधरा मिनिटे जात. आज पडद्यावर धडधडणारे हृदय क्षणात दिसते. ती पंधरा मिनिटे मागच्या बाकावरच्या मुलाला मिळाली, तर साधन धन्य झाले. पण चित्रफीत लावून शिक्षक कोपऱ्यात हजेरीपट आणि माहितीचे तक्ते भरीत बसला, तर मुलाच्या वाट्याचा शिक्षकही गेला.

याची दुसरी बाजूही आहे. सगळेच श्रम वाचवण्याजोगे नसतात. आकृती काढण्याचे श्रम वाचले तर बिघडत नाही, मात्र निबंधाचे पहिले वाक्य शोधताना मुलाची होणारी तगमग हेच शिक्षण असते. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि सॉक्रेटिसचा आक्षेपही जुना झाला. आता यंत्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते, तेही घडीव भाषेत. ‘माझी आई’ या विषयावरचा निबंध यंत्राने लिहून दिला, तर गुण मिळतील. पण आपल्या आईविषयी दहा मिनिटे शांतपणे विचार करण्याची संधी त्या मुलाने गमावली, तिचे काय? यंत्राने लबाडी शिकवली असे मी म्हणणार नाही. आम्हीही वर्षानुवर्षे उत्तरे फळ्यावर लिहून देत होतो आणि मुले ती निमूटपणे उतरवून घेत होती. यंत्राने आमचेच काम अधिक वेगाने केले, इतकेच!

आणि ज्यांच्या हाती साधनच नाही, त्यांचे काय? 2020 च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली, तेव्हा घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जात असे आणि दोन भावंडे तो संध्याकाळी परत येण्याची वाट पाहत बसत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षणविषयक अहवालानेही तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर वापरायचे, हाच प्रश्न विचारला आहे आणि ते शिक्षकाला पूरक असावे, पर्याय नव्हे, असे बजावले आहे.

पालकहो, हा प्रश्न केवळ शाळेचा नाही. अभ्यासासाठी मुलाच्या हाती मोबाईल दिला की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटू लागले आहे. त्याने काय पाहिले, हे आपण कधी विचारतो का? रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे त्याच्याजवळ बसून “आज काय शिकलास, ते मला समजावून सांग” एवढे जरी म्हटले, तरी पुष्कळ होईल. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल. सांगता सांगता कुठे अडले, हे त्याचे त्यालाच कळते.

त्या मुलाचे पुढे बरे चालले. त्या दिवशी मी त्याला शाबासकी दिली आणि जागेवर बसवले. वर्गाला उद्देशून दोन शब्द बोललो, तेही मोबाईलच्या सदुपयोगावर! वास्तविक त्याची क्षमा मागायला हवी होती. ते धैर्य मला झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र शाळा सुटल्यावर मी अर्धा तास वर्गात थांबू लागलो. ज्याला पुन्हा विचारायचे असेल, त्याने यावे. पहिले तीन दिवस कुणीच आले नाही. चौथ्या दिवशी तोच आला, आणि बरोबर आणखी एकाला घेऊन आला.