काय द्यायचं, काय नाही

चारठाण्याच्या गोकुळेश्वर मंदिरात मामा आणि भाची बोलत बसले होते. भाचीच्या एकांकिकेत पाण्याचा टँकर आधी वाड्यातली टाकी भरतो, मग उरलंसुरलं वस्तीच्या घागरींत. स्पर्धेच्या आयोजकांनी तोच प्रवेश गाळायला सांगितला होता.

मामा : गाळून टाक. बाकीचं तर लोकांपर्यंत पोचेल. १९३५ साली व्ही. शांतारामबापूंनी संत एकनाथांवर 'महात्मा' सिनेमा काढला. नावावरून गांधीजी आठवतात म्हणून सेन्सॉरनं हरकत घेतली. शांतारामबापूंनी 'धर्मात्मा' नाव दिलं; अस्पृश्यांना जवळ करणारे नाथ पडद्यावर राहिलेच ना?

भाची : त्यांनी पाटी बदलली, मामा. माझ्याकडं तर मालच मागताहेत.

मामा : १९३० च्या 'उदयकाल' सिनेमाचं मूळ नाव 'स्वराज्याचं तोरण' होतं. नाव गेलं, शेवटी गडावर चढणाऱ्या झेंड्यालाही कात्री लागली. तरी प्रेक्षकांना कळायचं ते कळलंच. टँकरचं इथं कुणाला माहीत नाही?

भाची : माहीत सगळ्यांना आहे, बोलत कुणी नाही. प्रवेश त्यासाठीच लिहिलाय.

मामा : हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये दिग्दर्शक लुईस बुन्युएलनं 'विरिदियाना' केला. नायिका रात्री पुरुषाच्या खोलीत जाते आणि दार लागतं, हा शेवट सेन्सॉरला नको होता. त्यानं तिला त्या पुरुषासोबत आणि मोलकरणीसोबत पत्ते खेळायला बसवलं. मूळ शेवटापेक्षा तोच जास्त बोचरा ठरला!

भाची : आणि १९६१ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळूनही स्पेनमध्ये बंदी आलीच. १९७७ पर्यंत. शिवाय त्याला मेक्सिकोला परतायची सोय होती. मला उद्या जिंतूरच्या बसमध्ये याच गावच्या लोकांशेजारी बसायचंय.

मामा : म्हणून तर म्हणतो, जपून.

भाची : निजामाच्या राज्यात इथं सभेलाही परवानगी लागायची. पण कात्री कुणाच्या हातात आहे, ते तरी दिसायचं. आज हे गाळलं, तर पुढच्या एकांकिकेत टँकर मी लिहिणारच नाही. मग गाळा म्हणायला कुणी येणारही नाही.

मामा : (थोडं थांबून) मग टँकर दाखवूच नकोस. रिकाम्या घागरींची रांग ठेव, आणि पाण्याचा आवाज वाड्याच्या बाजूनं येऊ दे.

भाची : ते तर जास्त झोंबेल.

मामा : झोंबू दे.

भाची : आणि तेही गाळा म्हणाले तर?

मामा : मग स्पर्धा सोड. नाव द्यावं, मांडणी द्यावी. ज्याच्यासाठी लिहिलं ते देऊ नये.

भाची : ते कशासाठी लिहिलं, हे ठरवायचं कुणी?

मामा : तूच. पण आज ठरव. आयोजकांपुढं बसलं की माणसाला सोयीचंच खरं वाटायला लागतं.