शाळेचा पैसा आणि पालकांचा ठराव

लोकवर्गणीतून शाळा उभी करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. तथापि गेल्या दहा-बारा वर्षांत या परंपरेचे एका सिद्धान्तात रूपांतर झाले आहे आणि त्या सिद्धान्ताची परीक्षा करणे आता टाळता येणार नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या असंख्य शिक्षकांनी गावात फिरून वर्गणी जमवली, स्वतःचे पैसे घातले आणि वर्गात प्रोजेक्टर व टॅब आणले. या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यातूनच असे प्रतिपादन रूढ झाले की शाळेची गुणवत्ता तिने किती लोकसहभाग मिळवला यावर मोजावी, आणि जो पैसा देतो त्यालाच शाळेविषयी आपुलकी वाटत असल्यामुळे खर्चाचा निर्णयही देणाऱ्यांच्या कलाने व्हावा. देणगीदारांनी शाळा दत्तक घेण्याच्या दत्तक शाळा योजनेवरून २०२३ साली जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हेच प्रतिपादन होते. ते चुकीचे आहे, आणि ज्या पालकांचा आवाज आधीच क्षीण आहे त्यांच्यावर अन्याय करणारेही आहे.

कायद्याची भूमिका या बाबतीत संदिग्ध नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्मे सदस्य स्त्रिया असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर, म्हणजे पैसा कोठे व कसा खर्च झाला यावर, देखरेख करणे हे या समितीचे काम आहे. पालकांच्या सदस्यत्वाचा आधार एकच आहे, तो म्हणजे मूल त्या शाळेत शिकत असणे. वर्गणीच्या पावतीला या रचनेत कोणतेही स्थान नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की कायदा काहीही म्हणो, जो देत नाही त्याला विचारायचे कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सापडते, आणि महाराष्ट्रातील शिक्षणविषयक चर्चेत त्या निवेदनाचा नामोल्लेख जितका होतो तितका त्याच्या हिशेबी बाजूचा विचार होत नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या मागणीच्या आधी फुल्यांनी पैशाचा उगम शोधला. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, जमीन महसुलावर लोकल फंडाची पट्टीही तीच भरते, आणि तरीही शिक्षणावरचा खर्च मुख्यतः वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांनी आयोगाच्या निदर्शनास आणले. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळचा राज्यकर्त्यांचा युक्तिवाद त्यांनी याच हिशेबाने खोडून काढला. पुढे जाऊन शिक्षकांचे वेतन किती असावे, ते कोणत्या समाजांतून यावेत, शेतीचे प्राथमिक ज्ञान अभ्यासक्रमात का हवे, इथपर्यंत त्यांचे निवेदन तपशिलात उतरते.

या हिशेबाचा आजचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या मजूर पालकाने शाळेच्या प्रोजेक्टरसाठी पाचशे रुपये दिले नाहीत, त्याने साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत रोजच्या अनेक खरेदींवर कर भरलेला असतो. त्यामुळे ‘न देणारा पालक’ हा वर्ग अस्तित्वातच नाही. याहून महत्त्वाची गोष्ट फुल्यांच्या कार्यात दिसते. १८४८ पासून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मित्रांच्या व देणगीदारांच्या साहाय्याने शाळा चालवल्या होत्या, म्हणजे लोकसहभागाचा अनुभव त्यांच्याइतका फारच थोड्यांच्या गाठीशी होता. असे असूनही आयोगासमोर त्यांनी सरकारकडे त्याच्या तिजोरीचा जाब मागितला. देणगीने शाळा सुरू होते, पण साऱ्या रयतेची मुले शिकायची असतील तर सार्वजनिक पैसाच लागतो, हा त्यांच्या निवेदनाचा गाभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शिक्षणतज्ज्ञांकडून येतो. निर्णय पालकांवर सोडला तर ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना कौल देतात, भिंती रंगवतात, प्रवेशद्वाराला कमान बांधतात, टीव्ही संच घेतात, आणि मुलाला वाचता येते की नाही हा प्रश्न बाजूला राहतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पालकांच्या अधिकाराचा कितीही कैवार घेतला तरी या निरीक्षणात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. मात्र त्याचे कारण पालकांच्या अज्ञानात शोधणे चूक आहे. ते पैशाच्या स्वरूपात आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरते: ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपये, आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सारे यातूनच भागवायचे असते. शिवाय हा पैसा अनेकदा आर्थिक वर्ष संपत आले असता हाती येतो आणि मार्चअखेर खर्च दाखवावा लागतो.

मुलींच्या स्वच्छतागृहाचे उदाहरण घेतले तर ही अडचण नेमकी कळते. खोली बांधलेली असते, भांडे बसवलेले असते. परंतु टाकीत पाणी चढवणारी मोटार थकलेल्या वीजबिलामुळे बंद असते आणि रोज फरशी धुणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेले नसते. पुढच्या वर्षी किती रक्कम येईल याची ज्या समितीला शाश्वती नाही, ती त्या बाईला बारा महिन्यांच्या मजुरीचा शब्द देऊ शकत नाही; म्हणून ती नवी टाकी घेते, कारण टाकीचे दरपत्रक मागवता येते, बिल जोडता येते आणि रोकडवही बंद करता येते. कमानीचा ठरावही याच तर्काने होतो. तेव्हा निर्णय कोणी घ्यावा, एवढ्यावरच हा वाद थांबवणे अपुरे ठरते. ज्या पैशातून आवर्ती खर्च, म्हणजे दरमहा परतून येणारा खर्च, भागवता येत नाही, त्याविषयीचा अधिकार पालकांना देणे हा अर्धाच अधिकार आहे.

या अर्धवटपणाची सर्वांत मोठी किंमत ऊसतोड कामगारांची मुले मोजतात. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले गावातच राहावीत आणि शिकावीत यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर येते. ज्यांच्या मुलांच्या ताटाचा हा प्रश्न आहे, ते आईवडील त्या सहा महिन्यांत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, राहत असतात. बैठकीला ते येणार कसे? इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या तर गणपूर्ती कागदावर होईल, पण या आईचे मत त्या वहीत कधीच उतरणार नाही. वर्गणीच्या मापाने ही आई शून्य ठरते, उपस्थितीच्या मापानेही शून्य ठरते, आणि गरज मात्र तिच्या मुलाची सर्वांत मोठी असते.

म्हणून पालकांच्या बैठकीचे वेळापत्रक स्थलांतराच्या आधीचे असले पाहिजे, आणि तिचे मुख्य काम खर्चाच्या यादीपेक्षा मागणीची यादी करणे हे असले पाहिजे. त्यासाठीचे साधन कायद्यात आहे. कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो, आणि शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाला व अनुदानाला तोच आराखडा आधार मानायचा असतो. या तरतुदीत मोठे सामर्थ्य आहे: शाळेला काय हवे ते आधी पालकांनी सांगायचे आणि त्यानुसार पैसा यायचा, असा तिचा क्रम आहे. प्रत्यक्षात छापील नमुना भरून मुख्याध्यापक तो वर पाठवतात आणि आलेल्या रकमेत बसेल तेवढाच विचार समिती करते. हा उलटा क्रम सुलट करण्यासाठी आराखड्यात सफाईची मजुरी, वीजबिल, रिक्त जागेवरील शिक्षक आणि हंगामी वसतिगृहाचा खर्च हे आकड्यांसह लिहिले गेले पाहिजेत, ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत, आणि ते नाकारले गेले तर नकाराचे कारण लेखी मागितले गेले पाहिजे.

लोकवर्गणीला यात जागा आहे, परंतु ती दुय्यम आहे. देणगी कृतज्ञतेने स्वीकारावी, तिचा हिशेब फळ्यावर लावावा आणि तिच्या बदल्यात कोणालाही जादा मत देऊ नये. शासनाचे कर्तव्य देणगीने भरून निघाले की ते कर्तव्य हळूहळू शासनाच्या हिशेबातूनच नाहीसे होते, आणि ज्या गावात देणारे नाहीत तिथल्या मुलांच्या वाट्याला काहीच उरत नाही. जी समिती पंचवीस हजार रुपये चोख खर्च करते ती प्रामाणिक असते. पण ते पंचवीस हजार का पुरत नाहीत हे ठरावात लिहून वर पाठवते, तेव्हाच ती आपल्या मुलांचे प्रतिनिधित्व करते.