संगीतानें माणूस सुधारतो काय?

कलेच्या सहवासानें मन उदार होतें, हें मत मी वर्गांत पंचवीस वर्षें सांगत आलों आहें. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतील तरुणांच्या शिक्षणांत संगीताला मानाचें स्थान दिलें, हा माझा आवडता दाखला. परंतु गेल्या माघांत मिरजेस जाणें झालें आणि या मताच्या मुळाशींच शंका शिरली.

मिरजेचें नांव घेतांच गवयांचे हात कानाला जातात. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांचा धंदा बसल्यावर येथील शिकलगार घराणीं तंतुवाद्यांकडे वळलीं. त्यांत फरीदसाहेबांचें नांव अग्रगण्य. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचें लाकूड आणि पिढीजाद तयार झालेला कान, एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला. 2024 सालीं येथील सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. अब्दुल करीमखांसाहेब 1937 सालीं पाँडिचेरीच्या प्रवासांत वाटेवरच्या एका स्टेशनावर वारले; त्यांचें दफन मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशीं झालें. तलवारीला धार लावणारे हात तंबोऱ्याला जवारी लावूं लागले, याहून सोयीचें रूपक माझ्यासारख्या प्राध्यापकास कोठें मिळणार?

पण याच गांवांत 2009 च्या सप्टेंबरांत, गणेशोत्सवाच्या एका कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली. संचारबंदी पुकारावी लागली, विसर्जनही लांबणीवर पडलें. तंबोऱ्यांच्या गांवांत हें व्हावें याचें आम्हां रसिकांना नवल वाटलें. वास्तविक नवल वाटण्याचें कारण नव्हतें. ऑश्विट्झच्या छळछावणींत कैद्यांचे वाद्यवृंद होते. त्यांपैकीं स्त्रियांच्या वृंदाचें संचालन 1943-44 मध्यें आल्मा रोझे ही व्हायोलिनवादिनी करीत असे, आणि छावणीचे अधिकारी तें वादन रसिकतेनें ऐकत. उलट याच मिरजेहून 2016 च्या एप्रिलांत दुष्काळी लातुरास रेल्वेनें पाणी गेलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून 5 लाख लिटर. तें भरणाऱ्यांपैकीं कोणाला गाण्याचें अंग होतें, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं, आणि तें योग्यच झालें.

माझा तंबोरा जवारीसाठीं ज्यांच्याकडे जातो, ते वृद्ध कारागीर घोडीवर कानस फिरवीत बसले होते. दंगलीचा विषय मींच काढला. ते प्रथम कांहीं बोलले नाहींत. तारेखालीं सूत सारीत, मग म्हणाले, “त्या वेळीं दुकानांत गिऱ्हाइकांचे सहा तंबोरे होते, साहेब. सहाही जणांचे फोन आले. तंबोरा सुरक्षित आहे ना, म्हणून. तुम्ही कसे आहांत, असें एकानें विचारलें.”

त्या सहांत माझा तंबोरा होता. मीं काय विचारलें होतें तें आठवत नाहीं, असें येथें लिहिणार होतों. पण खोटें कशास? चांगलें आठवतें. आणि तो एक जण मी नव्हतों.

मग संगीतानें मला काय दिलें? चौथ्या तारेची खर्जाची रेंघाळणारी आंस मला दुसऱ्या खोलींतूनही ओळखूं येते. ऐकण्याची ही शिस्त खरी आहे, ती मी कमी लेखीत नाहीं. परंतु ती सुरापाशींच थांबूं शकते, इतकेंच नव्हे तर तेथें थांबण्यांत तिला एक प्रकारचें पावित्र्य वाटूं लागतें, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें. ज्याला गाण्यांतलें कांहीं कळत नाहीं तो शेजाऱ्याची चौकशी न करतां राहिला, तर आपण कोरडे आहों हें त्याला निदान ठाऊक असतें. आम्हांला मात्र डोळ्यांत पाणी आणणारा मारवा ऐकून आपण सहृदय असल्याची पावती आयतीच मिळते. वर्गांत मी जें शिकवीत आलों त्यांत ही बाजू कधींच आली नाहीं. विद्यार्थ्यांनींही ती विचारली नाहीं.

“पंचम पाहा,” कारागीर म्हणाले आणि तंबोरा माझ्याकडे कलता केला. मीं तार छेडली. स्वर भरून आला. “लागला ना?”

मीं मान हलविली. त्यांच्या घरच्या मंडळींची चौकशी करावी म्हणून तोंड उघडलें, तों माझ्या गाडीची वेळ झाल्याचें त्यांनींच स्मरण दिलें, आणि नातवाला हांक मारून तंबोरा स्टेशनापर्यंत पोंचवावयास सांगितलें.